न पाहिलेल्या सिनेमाला दहापैकी दहा : खोट्या रेटिंगमुळे मराठी सिनेमाचं काय होतं?

मी_परळची

शुक्रवारी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला : "आपला मराठी सिनेमा आजपासून चित्रपटगृहात! सर्वांनी खालच्या लिंकवर जाऊन १० पैकी १० द्यावेत, दोन चांगल्या ओळी लिहाव्यात आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा." मुंबईतला पहिला खेळ तेव्हा सुरूही झाला नव्हता. दुपारपर्यंत स्क्रीनशॉटची रांग लागली. "अप्रतिम", "डोळे पाणावले", "सहकुटुंब पाहावा असा". लिहिणारे सगळे माझ्या ओळखीचे, रोज लिफ्टमध्ये भेटणारे. त्यातल्या एकानेही सिनेमा पाहिलेला नव्हता.

सिनेमाचं नाव मुद्दाम देत नाही. दिग्दर्शकाला हे ठाऊक असेलच असं नाही, आणि सिनेमा वाईटही नाही. मी रविवारी प्लाझाला पाहिला. पूर्वार्ध चांगला, नंतर कथा भरकटते. मी सहा दिले असते.

माझी अडचण वेगळीच आहे. आमच्या मजल्यावरच्या तीन-चार आज्या आणि मावश्यांना मराठी सिनेमाला मी घेऊन जाते. तिकिटं माझ्या मोबाइलवरून काढते, टॅक्सीही मीच बोलावते. त्यांच्यासाठी तो मोठा खर्च असतो, आणि कुठला सिनेमा बघायचा हे त्या मला विचारतात. त्यांनी यावेळी ९.४ हा आकडा पाहिला आणि भरवशाने आल्या. मध्यंतरातच एकजण म्हणाली, "लोकांना एवढं काय आवडलं गं यात?" पुढच्या पंधरवड्यात एक खरोखर चांगला सिनेमा लागला. नवा दिग्दर्शक, ओळखीचा चेहरा एकही नाही. मी परोपरीने सांगितलं, पण कोणी आलं नाही. "टीव्हीवर येईल तेव्हा बघू." तो सिनेमा दुसऱ्या शुक्रवारी उतरला.

खोटी खाती म्हटलं की बंद खोलीत मोबाइल मांडून बसलेली माणसं डोळ्यांसमोर येतात. ती आहेतच, त्यांच्याबद्दलही बोलूया. पण खऱ्या नावाने, खऱ्या फोटोसकट न पाहिलेल्या सिनेमाला दहा देणं हेसुद्धा माझ्या लेखी तेवढंच खोटं मत आहे. आणि त्याचा फटका हिंदीपेक्षा मराठीला जास्त बसतो, कारण आपल्याकडे मतंच कमी पडतात. समजा दीडशे लोकांनी सिनेमा पाहून सरासरी ६ गुण दिले. त्यात न पाहिलेल्या शंभर जणांनी १० टाकले की सरासरी ७.६ होते. लाखभर मतं असलेल्या हिंदी सिनेमाला हे शंभर जण हलवूही शकत नाहीत. आपल्याकडे एक सोसायटी आणि एक महिला मंडळ पुरतं.

तुमचा काय अनुभव? या धंद्याच्या जवळ असलेल्यांनी जरूर लिहा.


गिरणगावकर

ताई, विषय काढलात ते बरं केलंत.

आकडे फुगवणं इंटरनेटने आणलेलं नाही. पूर्वी सिनेमा पंचवीस आठवडे चालला हे जाहिरातीत छापता यावं म्हणून निर्माते स्वतःच तिकिटं घेऊन खेळ ओढत न्यायचे. बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड आणि आत रिकाम्या खुर्च्या, हे माझ्या पिढीने पाहिलंय. पण त्याला खिशातून पैसा घालावा लागायचा, आणि लालबागच्या माणसाला आत किती गर्दी आहे ते भारतमाता थिएटरच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की कळायचं. खेळ सुटल्यावर बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघून आम्ही तिकीट काढायचं की नाही ते ठरवायचो.

आता तो चेहरा दिसत नाही, आकडा दिसतो. म्हणून आकडा खरा असणं जास्त गरजेचं झालंय.

अजून एक. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. आधी संध्याकाळी ६ ते ९ अशी वेळ होती, मालकांनी कुरकुर केल्यावर दुपारी १२ ते रात्री ९ झाली. खेळ मिळावा म्हणून एवढं भांडलो. मिळालेल्या खेळाला माणूस यावा म्हणून मात्र खोटं बोलायचं?


अंधेरी_स्लो

मी ट्रेलर आणि प्रोमो कापतो. मधली काही वर्षं अंधेरी पश्चिमेला एका डिजिटल मार्केटिंग कंपनीत होतो (नाव देत नाही, आणि ती एकटीच असं करते असंही नाही). माझं टेबल एडिटिंगचं, पण पलीकडच्या टेबलावर हेच काम चालायचं. त्यामुळे जे पाहिलं ते लिहितो.

एक एक्सेल शीट असते. त्यात ईमेल, पासवर्ड, किती गुण, कोणत्या तारखेला, आणि शेवटच्या रकान्यात मजकूर. मजकूर लिहायला नुकती बीएमएम (मास मीडियाची पदवी) झालेली मुलं. सिनेमा त्यांना दाखवत नाहीत, वेळही नसतो. त्यांच्याकडे ट्रेलर, पोस्टर आणि प्रेस नोट एवढंच. सूचना ठरलेल्या : सगळीकडे १० नको, मध्ये ८ आणि ९ पेरा. एखादी बारीक तक्रार घाला, "गाणी थोडी लांबली" वगैरे, म्हणजे खरं वाटतं. एका तासात सगळं टाकू नका. जुनी, वर्षानुवर्षं पडून असलेली खाती नव्या खात्यांपेक्षा महाग, कारण ती पकडली जात नाहीत. ओटीपीसाठी भाड्याचे नंबर मिळतात.

उलटं कामही येतं. त्याच शुक्रवारी दुसरा सिनेमा लागत असेल तर त्याला १ द्यायचं. हे बोलून दाखवत नाहीत, पण शीट वेगळी असते.

ओळखायचं कसं? खोट्या परीक्षणात प्रसंग नसतो. पोस्टरवरची सगळी नावं क्रमाने येतात, "छायाचित्रण उत्तम, संगीत श्रवणीय, संवाद खुसखुशीत". पण अमुक प्रसंगात अमुक पात्र असं का वागलं, हे कधीच येत नाही. शेवटाबद्दल तर एक अक्षर नाही, कारण शेवट त्या मुलांना माहीतच नसतो. खऱ्या माणसाला काहीतरी खुपलेलं किंवा भिडलेलं असतं आणि तो तिथेच अडकून लिहितो.

त्या मुलांबद्दल राग धरू नका. चांगलं लिहिणारी मुलं होती. पहिली नोकरी, विरार नाहीतर बदलापूरहून यायची, महिनाअखेरीला पगार हवा असायचा. हे काम मागणारा कोण आणि पैसे देणारा कोण, ते बघा.


कुर्ला_टर्मिनस

@अंधेरी_स्लो, प्रसंग नसतो हे अगदी पटलं. आत्ताच दोन-तीन सिनेमांखालची परीक्षणं या नजरेने वाचून आलो. वाचताना वाईट वाटलं.


आकडेमोड

आयएमडीबी या सिनेमांना प्रेक्षकांकडून गुण घेणाऱ्या साइटच्या गणिताबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांना तो आकडा म्हणजे साधी सरासरी वाटतो. तसं नाही. ते भारित सरासरी वापरतात आणि कोणत्या मताला किती वजन, हे सांगत नाहीत. सांगितलं तर त्यातूनच पळवाट काढतील, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या २५० सिनेमांच्या यादीचं सूत्र मात्र त्यांनी उघड केलंय. त्यात किमान २५,००० मतं लागतात, फक्त नियमित मत देणाऱ्यांचीच मतं धरतात, आणि मतं जितकी कमी तितका सिनेमाचा आकडा एकूण सरासरीकडे ओढला जातो.

ही ओढ कशी चालते ते सांगतो. आकडे माझे, समजण्यापुरते. समजा एखाद्या साइटवर सगळ्या सिनेमांची सरासरी ७ आहे, आणि प्रत्येक सिनेमाच्या पदरात आधीच ७ गुणांची हजार मतं धरायची असं ठरलं. फुगवलेल्या सिनेमाला ३०० मतं, सरासरी ९.६. हिशेब केला की आकडा येतो ७.६. छान, फुगा फुटला. आता खरोखरच्या चांगल्या छोट्या सिनेमाला ४० मतं, सरासरी ८.५. त्याचा आकडा होतो ७.०६. म्हणजे फसवणूक रोखायला लावलेलं गणितच प्रामाणिक सिनेमाला खाली दाबतं, आणि फसवणारा तरीही वर राहतो!

तुमच्या आज्यांनी न पाहिलेल्या सिनेमाचं हेच झालं असणार. त्याला खोट्या मतांची गरज नव्हती, चाळीसऐवजी चारशे खरी मतं हवी होती.


सह्याद्रीचा_वारा

सगळं खरं आहे, पण मला इथे वेगळं म्हणायचंय.

हिंदीवाल्यांकडे कोट्यवधींचं प्रसिद्धीचं बजेट असतं. शुक्रवारी ते आपणच तिकिटं घेतात, एकावर एक फुकट देतात, आणि सोमवारी मोठा आकडा जाहीर करतात. आपल्या निर्मात्याने घर गहाण टाकलेलं असतं. त्याला मुंबईत सकाळी साडेनऊचा खेळ मिळतो, तोही ज्या भागात मराठी माणूस कमी राहतो तिथे. पहिल्या तीन दिवसांत तो दिसला नाही तर संपला. अशा वेळी मराठी माणसाने घरबसल्या दहा दिले तर त्यात पैसा नाही, कंपनी नाही, फक्त आपलेपणा आहे. याला आणि अंधेरीच्या एक्सेल शीटला एकाच तराजूत तोलू नका. समोरचा नियम पाळत नसताना आपणच तेवढे पाळत बसलो तर मराठी सिनेमा मरेल.


मी_परळची

@सह्याद्रीचा_वारा, तुमची तळमळ खोटी नाही. साडेनऊच्या खेळाचं दुखणं मीही जवळून बघते. तरीही तुमचं म्हणणं मला मान्य नाही, आणि का ते नीट लिहिते.

दहा गुण कोणाला दिसतात? हिंदी बघणारा माणूस आपला आकडा पाहून मराठी सिनेमाला येत नाही. तो आकडा वाचतो मराठी प्रेक्षकच. म्हणजे आपण फसवतो ते आपल्याच माणसाला, आणि तेही ज्याला सिनेमाला यायची इच्छा आहे त्याला. घरी बसलेल्याला त्याची झळ लागत नाही. तिकीट काढून येणाऱ्याला लागते. तो एकदा फसतो, दोनदा फसतो, आणि मग त्याच्या मनात पक्कं बसतं की मराठी सिनेमाचे आकडे असेच असतात. त्यानंतर खरोखर नऊच्या लायकीचा सिनेमा आला तर त्याला नऊ देऊन उपयोग काय? नऊला किंमतच उरलेली नसते.

दुसरं, मल्टिप्लेक्सवाला रेटिंग बघून खेळ वाढवत नाही. तो खुर्च्या मोजतो. शुक्रवार ते रविवार किती भरल्या, त्यावर पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक लागतं. आमच्या ग्रुपवर ज्यांनी स्क्रीनशॉट टाकले त्यांतले निम्मे जरी त्या शनिवारी सिटीलाइटला किंवा प्लाझाला गेले असते तर एक अख्खी रांग भरली असती. पण दहा दिल्यावर त्यांना वाटलं, आपलं काम झालं. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. खोटं मत खऱ्या तिकिटाची जागा घेतं.

आणि निर्मात्याचं म्हणाल, तर ज्या दिग्दर्शकाचा सिनेमा उत्तरार्धात भरकटला त्याला ते कोण सांगणार? त्याच्यापर्यंत फक्त "अप्रतिम" पोचलंय. पुढचा सिनेमा तो तसाच करणार.


चाफेकळी

परळची, शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा.

बाहेरची काही उदाहरणं देते, कारण मोठ्या कंपन्यांनी हे करून पाहिलंय. सोनी कंपनीच्या जाहिरातींत २००० सालच्या सुमारास डेव्हिड मॅनिंग नावाच्या समीक्षकाची स्तुतिवाक्यं छापून यायची. असा माणूस अस्तित्वातच नव्हता, कंपनीच्या मार्केटिंग विभागानेच तो बनवला होता. २००१ मध्ये 'न्यूजवीक'च्या पत्रकाराने ते उघडकीला आणलं. पुढे प्रेक्षकांनी केलेल्या दाव्यात २००५ मध्ये कंपनीने १५ लाख डॉलरवर तडजोड केली आणि ते सिनेमे पाहिलेल्यांना तिकिटामागे ५ डॉलर परत देऊ केले.

२०२३ मध्ये 'व्हल्चर' या अमेरिकी साइटने छापलं की एक जनसंपर्क कंपनी छोट्या समीक्षकांना परीक्षणामागे साधारण ५० डॉलर देत होती, आणि त्यातून समीक्षकांच्या मतांवरून सिनेमाला आकडा देणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवरचे आकडे वर ढकलले जात होते. त्यानंतर त्या साइटने त्या कंपनीचे काही सिनेमे काढून टाकले.

न पाहता मत देण्याची उलटी बाजू २०१६ मध्ये दिसली. आर्मेनियन वंशसंहारावरचा 'द प्रॉमिस' टोरांटोच्या महोत्सवात मोजक्या वेळा दाखवला गेला. सिनेमागृहांत लागण्याच्या आधीच आयएमडीबीवर त्याला हजारोंनी १ मिळाले, आणि ते पाहून दुसऱ्या बाजूने हजारोंनी १० दिले. आपल्याकडे २०१४ चा 'गुंडे' आठवत असेल. १९७१ च्या युद्धाचं चित्रण पटलं नाही म्हणून बांगलादेशातून मोहीम चालली आणि तो आयएमडीबीच्या यादीत अगदी तळाला गेला. कारण रास्त असो वा नसो, सिनेमा कसा आहे ते त्या आकड्यावरून कोणालाच कळलं नाही.


कुर्ला_टर्मिनस

२०२२ मध्ये 'द काश्मीर फाइल्स'च्या पानावर आयएमडीबीने सूचना लावली होती. मतदानात नेहमीपेक्षा वेगळी हालचाल दिसल्यामुळे गुणांची मोजणी दुसऱ्या पद्धतीने केली आहे, अशा अर्थाची. दहाच्या अगदी जवळ गेलेला आकडा एकदम खाली आला. ती सूचना कुठल्याही सिनेमाच्या पानावर दिसली तर आकडा बाजूला ठेवा आणि मतांची विभागणी उघडून बघा. सगळी मतं १० आणि १ वर, मध्ये ओसाड, असं असेल तर तिथे सिनेमावर नाही, दुसऱ्याच कशावर तरी मतदान झालेलं असतं.


व्यवस्थापक

त्या सिनेमाच्या राजकारणावर इथे चर्चा नको. त्यासाठी जुने धागे आहेत. रेटिंगच्या पद्धतीबद्दल जरूर लिहा.


ठाण्याची_वकीलबाई

कायद्याबद्दल विचारणारे दोन निरोप आले म्हणून लिहिते.

पैसे घेऊन खोटी परीक्षणं लिहिणं आणि लिहून घेणं हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथेत बसवता येतं, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यावर कारवाई करू शकतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० : २०२२ हे मानक आणलं. लिहिणाऱ्याची ओळख पडताळावी, पैसे देऊन लिहून घेतलेलं छापू नये, चांगलीच तेवढी वेचून दाखवू नयेत, असं त्यात आहे. पण ते ऐच्छिक आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. अमेरिकेत २०२४ च्या ऑक्टोबरपासून खोट्या परीक्षणांच्या खरेदी-विक्रीवर थेट बंदी घालणारा नियम लागू झाला, त्यात दंडही आहे. आपल्याकडे हे मानक बंधनकारक व्हायला हवं, हे माझं स्पष्ट मत.

दक्षिणेत निर्मात्यांनी दुसरा रस्ता धरला. केरळ उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्रांनी (न्यायालयाला सल्ला देणाऱ्या वकिलांनी) मार्च २०२४ मध्ये प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षणं टाळावीत असं सुचवलं. तमिळ निर्माते पहिले तीन दिवस बंदी मागत मद्रास उच्च न्यायालयात गेले, पण डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ती दिली नाही, आणि ते योग्यच झालं. खोट्यांना रोखायचं म्हणून खऱ्या प्रेक्षकाचं तोंड बंद करणं मला मुळीच मान्य नाही. सिनेमा पडला की "हा संघटित कट आहे" म्हणायला निर्माते मोकळेच असतात.

सोसायटीच्या ग्रुपवर दहा देणाऱ्यांवर अर्थातच कुठला गुन्हा होत नाही. तिथे बोलणं हाच उपाय. पण पैशाचा व्यवहार दिसला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.


आकडेमोड

तिकीट घेतलेल्यांचीच मतं धरावीत, हा उपाय कोणी सुचवण्याआधी : रॉटन टोमॅटोजने २०१९ पासून तिकिटाची पडताळणी झालेल्या प्रेक्षकांचा आकडा वेगळा दाखवायला सुरुवात केली. त्याच वर्षी प्रदर्शनापूर्वीच्या प्रतिक्रियाही बंद केल्या. फायदा नक्की होतो, एक खोटं मत टाकायला एका तिकिटाचा खर्च येतो. पण जो निर्माता तिकिटं घाऊक घेऊ शकतो त्याला मतंही घाऊकच मिळणार.


गिरणगावकर

आणि खिडकीवर रोख पैसे देऊन तिकीट घेणाऱ्याचं काय? माझ्यासारखे अजून पुष्कळ आहेत. आमच्याकडे कागदाचा तुकडा असतो, ॲप नसतं. म्हणजे जे सगळ्यात नियमाने मराठी सिनेमा बघतात त्यांचंच मत बिनपडताळणीचं ठरणार.


सह्याद्रीचा_वारा

परळचीताई, खोटं मत खऱ्या तिकिटाची जागा घेतं, हे मी नाकारत नाही. पण मतं कमी पडतात हा प्रश्न उरतोच, आणि आकडेमोड यांनीही तेच दाखवलंय. त्याचं काय करायचं?


मी_परळची

पाहून आलेल्यांकडून लिहून घ्यायचं. आमच्या आज्यांना टाइप करता येत नाही, पण टॅक्सीत परत येताना त्या सिनेमावर जे बोलतात तसं कुठल्या वर्तमानपत्रातही वाचायला मिळत नाही. आता त्यांना विचारून, त्या म्हणतील तेच, त्यांच्या मुलांच्या किंवा नातवंडांच्या मदतीने ज्याच्या-त्याच्या खात्यावर टाकायचं ठरवलंय. पाच म्हणाल्या तर पाच. सोसायटीच्या ग्रुपवरही एवढंच लिहिलं, की स्क्रीनशॉट टाकायचाच तर तिकिटाचा टाका. दोघं चिडले. एक काका मात्र शनिवारी सहकुटुंब गेले आणि मला उत्तरार्धाबद्दल फोनवर अर्धा तास बोलले.

इथेही एक करता येईल. मराठी सिनेमावर लिहिताना कुठे आणि कुठल्या खेळाला पाहिला, थिएटर किती भरलं होतं, आणि निदान एक प्रसंग, एवढं लिहूया. अंधेरी_स्लो म्हणतात तसं, प्रसंग विकत मिळत नाही.


निवांत_नाहूर

उशिरा वाचतोय. आयएमडीबीवर परीक्षण लिहिणाऱ्याने खातं कधी उघडलं, ते कुठे दिसतं?


कुर्ला_टर्मिनस

परीक्षणावरच्या नावावर टिचकी मारा. त्याच्या पानावर सभासद कधी झाला ते आणि त्याने लिहिलेली बाकीची परीक्षणं दिसतात. एकाच महिन्यात उघडलेली खाती, प्रत्येकाचं एकच परीक्षण आणि तेही त्याच सिनेमाचं, अशी ओळ लागली तर संशय घ्या. पण फक्त नवीन खातं आहे म्हणून कोणाला खोटं ठरवू नका. मला एका नव्या खात्यावरचं "अप्रतिम"ने सुरू होणारं परीक्षण संशयास्पद वाटत होतं. पुढे वाचलं तर शेवटच्या प्रसंगातल्या आईच्या गप्प बसण्यावर त्या माणसाने दहा ओळी लिहिल्या होत्या.